अकोलेकरणीची हरकत

आमची कॉलनी आजवर पिवळी होती, हे मला या वयात कळलं. शहराच्या नकाशात राहत्या घरांच्या भागाला पिवळा रंग देतात आणि दुकानं, हॉटेलं, ऑफिसं असतात त्या भागाला निळा. गेल्या वर्षी महापालिकेने आमच्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांची घरं पिवळ्यातून काढून निळ्यात घालायचा प्रस्ताव आणला. रस्ता रुंद होणार, उंच इमारतींना परवानगी मिळणार. वर्तमानपत्रात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत जाहीर सूचना आली. सुनेने ती मला वाचून दाखवली. शेवटी लिहिलं होतं की कुणाच्या हरकती व सूचना असतील तर त्या मुदतीत लेखी कळवाव्यात.

"आई, तुमची काही हरकत आहे का?" सुनेने विचारलं.

मी म्हटलं, माझी हरकत तुझ्या सासऱ्यांशी लग्न ठरलं तेव्हापासून आहे, पण मुदत टळून गेली.

ती हसली नाही. हल्ली घरात माझ्या विनोदांना मीच हसते.

खरं सांगायचं तर माझ्या घराला फारसं काही होणार नव्हतं. आमचं घर आतल्या गल्लीत. रस्त्याला लागून कोपऱ्यावर आहे ते माझ्या शेजारणीचं. रस्ता रुंद झाला की तिचं पुढचं अंगण जाणार होतं, आणि निळा रंग लागला की बाकीच्या घरावरही लोकांचा डोळा पडणार होता. ती एकटी. मुलगा पुण्याला. घर गेलं की ती पुण्याला जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला एवढंच हवं होतं की ती भिंतीपलीकडे राहावी. बाकी रस्ता रुंद होवो, नाहीतर त्यात तळं होवो.

आणि गंमत बघा, ही कॉलनी निळी व्हावी म्हणून सगळ्यात आधी गळा काढणारी बाई मीच.

तेव्हा मी नवी नवरी. शेवगावच्या पेठेत वाढलेली, खाली दुकान आणि वर घर. आठवडी बाजाराच्या दिवशी दारातून बाहेर पडायला जागा नसायची. नगरला द्यायचं ठरलं तेव्हा मी मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं की आता आपली भेट कापडबाजारातच. आमच्या ह्यांनी मला टांग्यातून आणलं ते सरकारी नोकरांच्या सोसायटीतल्या एका अर्ध्या प्लास्टरच्या घरापुढे. चारी बाजूंना ज्वारी. मी काळा गॉगल लावून उतरले. गॉगल कशासाठी, तर शहरातल्या लोकांनी आपल्याला खेडवळ समजू नये. शहरातले लोक म्हणजे समोरच्या बांधावर बसलेला एक राखणदार आणि त्याची शेळी. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. शेळीने जरा जास्त वेळ पाहिलं.

मी ह्यांना विचारलं, मला काय कणसं राखायला आणलंय? आणि ट्रंक उघडायचीच नाही असं ठरवलं. चांगले आठ-पंधरा दिवस दोन साड्यांवर काढले. स्वतःला मोठी करारी समजत होते. पुढे कळलं की ट्रंकेत उंदराने पिल्लं घातली होती आणि शालूचा काठ कुरतडला होता.

त्याच्याच पुढच्या गणपतीत महिलांची वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता, आपली कॉलनी उद्या कशी असावी. मी पदर खोचून अशी काही बोलले की विचारू नका. इथे दुमजली दुकानं असावीत, रंगीत दिवे असावेत, हॉटेलं असावीत, रात्रंदिवस गाड्यांचा आवाज असावा. टाळ्या पडल्या. स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. आता इतक्या वर्षांनी महापालिकेने माझं भाषण मंजुरीला घेतलं म्हणायचं. देव ऐकतो, फक्त त्याच्याकडे फाईल हळू सरकते.

शेजारीण आली ती आमच्या मागून वर्षभराने. अकोल्याच्या वरच्या अंगाची, भंडारदऱ्याकडची, डोंगरातली. तिचे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून. ती मला शेवगावकरीण म्हणायची आणि मी तिला अकोलेकरीण. नावाने हाक मारल्याचं दोघींनाही आठवत नाही. दोघीच असलो की आमची भाषा गावाकडे पळायची. चारचौघांत मात्र मी 'आहे' म्हणायचे आणि ती गप्प बसायची.

पहिल्याच पावसाळ्यात तिने घराच्या पुढच्या अंगणात बाजेएवढा तुकडा उकरला, भोवती बोटभर बांध घातला आणि मोरीचं पाणी त्यात सोडलं. माहेराहून येताना एसटीत ओल्या पोत्यात गुंडाळून रोपं आणली आणि चिखलात उभी केली. आमच्याकडे, शेवगावच्या बाजूला, पाऊस म्हणजे पाव्हणा. आला तर आला. उभं भाताचं पीक मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मला ते गवत वाटलं. ही बाई गवताला पाणी घालते, हे मी कॉलनीभर सांगून आले. एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. भिंतीवरून वाकून मी तिला शेतीवर व्याख्यान दिलं. म्हटलं, गवत वेळेवर उपटावं, नाहीतर साप येतात, आमच्याकडे असं करतात, तसं करतात. डोंगरात भाताच्या आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून वाढलेल्या मुलीला मी, दुकानाच्या गल्ल्यावर वाढलेली, शेती शिकवत होते.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हरकत नाही."

दिवाळीनंतर तिने वाटीभर तांदळाची खीर पाठवली. वासानेच घर भरलं. मी विचारलं, कुठल्या दुकानातून आणलास गं हा तांदूळ? तिने हाताने अंगणाकडे दाखवलं. त्यानंतर तिच्या त्या भाताच्या खाचराबद्दल मी कॉलनीत कुणालाही एक शब्द बोलू दिला नाही. दर वर्षी ती तो तुकडा लावायची. अलीकडे वाकवत नव्हतं, तर स्टुलावर बसून लावायची.

आता त्या 'हरकत नाही'बद्दल. तिच्या गावी होकाराला 'व्हय' म्हणतात. नगरला आल्यावर यजमानांनी तिला सांगितलं होतं की सरकारी माणसांच्यात राहायचं, कुणी काही म्हटलं तर 'हरकत नाही' म्हणायचं, बरं दिसतं. तिने तेवढं एकच वाक्य पक्कं धरलं. दूधवाल्याने पाणी घातलं, हरकत नाही. पाव्हणे न सांगता आले, हरकत नाही. मुलाने मुलगी स्वतःच पसंत केली, हरकत नाही. ह्या दोन शब्दांत ती राग, लोभ, थट्टा, सगळं बसवायची. 'हरकत' लांबवली की समजावं, बाई चिडली आहे. 'नाही' चटकन म्हटलं की उठून चहा टाकणार. यजमानांना पुण्याला न्यावं लागेल असं डॉक्टर म्हणाले तेव्हाही ती हेच म्हणाली. डॉक्टरांना वाटलं, बाईला समजलं नाही. मी शेजारी उभी होते. मला माहीत होतं, तिला सगळं समजलं आहे. त्या वेळी ती प्रत्येक अक्षर वेगळं वेगळं म्हणाली होती, जड वस्तू एकेक करून खाली ठेवावी तसं.

तर, जाहीर सूचना आली आणि कॉलनीत बैठका सुरू झाल्या. सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. त्यांना इतक्या वर्षांनी फाईल मिळाली, माणूस एकदम तरतरीत दिसायला लागला. निम्मे लोक म्हणत, हरकत घ्या. निम्मे म्हणत, पोरं परगावी, एवढाल्या घरांत आपण दोन म्हातारी माणसं काय करायची, चांगला भाव येतोय तर येऊ द्या. एकदा एका बिल्डरचा माणूस बैठकीला आला आणि आम्हाला सातव्या मजल्यावरच्या हवेचं वर्णन ऐकवू लागला. मी बहिरी झाले. मला सोयीचं असेल तेव्हा मला ऐकू येत नाही. तीनदा त्याच्याकडून तेच वदवून घेतलं आणि शेवटी विचारलं, वरती वाळवण घातलं तर कावळ्यांना लिफ्ट लागेल का? बैठक हसण्यावारी मोडली. मला वाटलं, मी किल्ला राखला.

अकोलेकरीण सगळ्या बैठकांना यायची, मागे बसायची. मी तिच्या वतीने हरकतीचा अर्ज लिहिला. तिने सही केली. सुनावणीच्या दिवशी मी तिच्या दारात रिक्षा उभी केली आणि हॉर्न वाजवायला लावला. ती चांगली साडी नेसून बाहेर आली. वाटेत मी तिला पढवत होते की साहेबाला काय सांगायचं. चाळीस वर्षं राहतोय म्हणायचं, बाई एकटी आहे म्हणायचं, जरा डोळ्यांना पदर लावलास तरी चालेल. ती बाहेर बघत होती. पत्रकार चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "लई गर्दी झाली गं." मी म्हटलं, हेच, हेच साहेबाला सांग.

सुनावणीचा हॉल भरला होता. इस्त्रीचे शर्ट घालून सगळी कॉलनी खुर्च्यांवर बसलेली, जणू कुणाच्या तरी लग्नाची बोलणी. साहेब माझ्या नातवापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. मुलगा चांगला होता, आधी सगळ्यांना पाणी विचारलं. एकेका घराला पुढे बोलवत होते. आमची पाळी आली तेवढ्यात अध्यक्षांनी मध्येच फाईल उघडली. साहेब आमच्याकडे वळून म्हणाले, "आजी, आधी यांचं ऐकून घेतो, मग तुमचं. चालेल ना?"

अकोलेकरीण म्हणाली, "हरकत नाही."

शेजारच्या टेबलावर टिपण घेणाऱ्या बाईंनी मान खाली घातली आणि लिहिलं.

मी उभी राहिले. "साहेब, ती तसली हरकत नव्हे."

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबही हसले आणि म्हणाले, मग कसली? मी त्यांना समजावून सांगितलं की ही तिची बोलायची पद्धत आहे, दूधवाल्यालाही ती हेच म्हणते, तिचा अर्ज तुमच्यापुढे आहे, त्यात हरकत स्पष्ट लिहिली आहे. लोक अजून हसत होते. मलाही मजा यायला लागली होती. माणसांपुढे बोलायची हौस त्या गणपतीपासूनची.

साहेबांनी टिपणवाल्या बाईंना हाताने थांबवलं. खुर्ची पुढे ओढून ते तिच्याशी सावकाश बोलले. "आजी, तुमच्या घरापुढची जागा रस्त्यात जाईल. हा सगळा भाग व्यापारी होईल. घाई नाही, विचार करून सांगा. तुमची याला हरकत आहे का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं.

"हरकत नाही," ती म्हणाली.

प्रत्येक अक्षर वेगळं.

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी फाईलवरून डोकं वर काढलं. साहेब माझ्याकडे बघत होते, हिचं आता काय समजायचं म्हणून. सांगणारी मीच होते ना. मी खाली बसले.

बाहेर आवारात चहाची टपरी आहे. आम्ही तिथे बाकावर बसलो. मी चहा सांगितला नाही, तिनेच सांगितला. माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार नाहीत.

"घर इकून पुन्याला यायचा पोराला शब्द देऊन बसलेय," ती म्हणाली.

"कधी?"

"संक्रांतीला आल्ता तवा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू न्हाई म्हनली असतीस. तुला येतं न्हाई म्हनता. मला कुटं येतं?"

मी म्हटलं, मग अर्जावर सही कशाला केलीस, इथवर आलीस कशाला?

"तू रिक्षा घिऊन दारात हुबी ऱ्हायलीस. हॉर्न वाजवत हुतीस," ती म्हणाली. "तुला तरी न्हाई कसं म्हनायचं?"

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. मी म्हटलं, अगं, मी आहे ना शेजारी. त्याच हिवाळ्यात ती मोरीत घसरून पडली होती, तेव्हा भिंतीवरून तिचं कण्हणं मीच ऐकलं होतं, मीच लोक गोळा केले होते. हे मी तिला तिथे, टपरीवर, ऐकवलं.

"व्हय. लोक गोळा केलेस," ती म्हणाली. "तू मला उचललं न्हाईस. आपन दोघी मिळून एक बादली उचलतो, शेवगावकरनी. उद्या तू पडलीस तर मी काय करनार हाय? पोराला झोप लागंना झालीय. रोज फोन करून इचारतो, उठलीस का, उठलीस का. मी मेले न्हाई हे त्याला रोज सांगावं लागतं."

चहा आला. तिने बशीत ओतला. मी तिला म्हणू शकले असते की तुझ्या मुलानेच इथे यावं, की आपण बाई ठेवू, की माझ्याकडे राहायला ये. पैकी एक-दोन गोष्टी मी म्हटल्याही. ती ऐकत राहिली. शेवटी मी विचारलं, आणि तुझं खाचर?

ती म्हणाली, "पोराकडं सातव्या मजल्यावर कुटं लावू?" आणि बशी तोंडाला लावली.

आम्ही रिक्षाने परत आलो. त्यानंतरही तिच्याकडे जाणं, वाटीभर भाजी देणं-घेणं चालू होतं, पण त्या विषयावर दोघी बोललो नाही. वैशाखात मुलगा टेम्पो घेऊन आला. तिने फार काही नेलं नाही. कपाट, देव, यजमानांची खुर्ची. पुण्याच्या घरात सगळं आहे, तो म्हणत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. टेम्पो पुढे गेला, मागून मुलाची गाडी. ती पुढच्या सीटवर बसली होती आणि पट्टा लावायला तिला जमत नव्हतं. मी काचेतून आत वाकून तो लावून दिला. तेवढाच काय तो निरोप. रडायचं म्हणून मी सकाळपासून तयार होते, पण पट्टा खटकन बसला आणि गाडी निघालीसुद्धा.

प्रस्तावाचं म्हणाल तर तो अजून मंजूर झालेला नाही. नामंजूरही नाही. अध्यक्ष म्हणतात, शासनस्तरावर आहे. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, आमच्या कॉलनीचा रंग मात्र अजून पिवळाच आहे. पण निळा होणार एवढ्या बोलण्यावरच रस्त्यालगतची घरं एकामागून एक रिकामी झाली. कुणी पुण्याला, कुणी नाशिकला, एक जण तर मुलीकडे परदेशात. कागद मुंबईत पडून आहे आणि माणसं निघून गेली. संध्याकाळी मी रस्त्याने जाते तेव्हा दिवे लागलेली घरं मोजायची नाहीत असं ठरवून जाते.

अकोलेकरणीचं घर ज्याने घेतलं त्याने एका सकाळी माणसं पाठवली. सागवानाला भाव आहे म्हणे. त्यांनी दारं काढली, खिडक्यांच्या चौकटी काढल्या आणि टेम्पोत घालून नेल्या. घर आता शिंगणापूरच्या घरासारखं दिसतं, बिनदारांचं, फक्त आत माणसं नाहीत. कुत्री मधल्या खोलीत झोपतात. पुढच्या अंगणात कुणीतरी वाळू आणून टाकली आहे.

तिचा फोन रोज संध्याकाळी येतो. पहिल्या दिवसापासून तिचा एकच प्रश्न, घर कसं हाय? पहिल्या दिवसांत मी खरं सांगायचे, कारण खरं चांगलं होतं. दारं गेली त्या दिवशीही तिने विचारलं. माझ्या तोंडून निघालं, आहे की, कुलूप आहे, अंगण झाडलेलं आहे. एकदा निघालं म्हणजे निघालं. दुसऱ्या दिवशी मी फोनवरच तिथे एक राखणदार ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको आणली, ती रोज ओटा पुसते असं सांगितलं. मग त्या दोघांची भांडणं लावली, कारण नुसता ओटा पुसण्यात बोलायला काही नसतं. अकोलेकरीण त्या बाईची बाजू घ्यायची. मी राखणदाराची घ्यायचे. आमचे फोन लांबायला लागले. सून म्हणायची, आई, कुणाबद्दल बोलता एवढं? मी म्हणायचे, कॉलनीतलीच आहेत.

जून लागला तेव्हा तिने विचारलं, खाचरात पानी हाय का? मी म्हटलं, राखणदाराच्या बायकोने मोरीचं पाणी सोडलंय, ती तुमच्याच डोंगराकडची आहे, तिला कळतं. अकोलेकरीण म्हणाली, बांध बोटभरच ठेवायला सांग, उंच केला तर मुळं कुजतात. मी म्हटलं, सांगते.

मागच्या आठवड्यात तिचा मुलगा कामासाठी नगरला आला होता. मला भेटायला आला नाही, घाईत असेल. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी उचलू की नको करत होते.

"पोरगा जाऊन आला घराकडं," ती म्हणाली. "फोटो काढलेत त्यानं. मोबाईलवर दावले मला."

तिच्याकडे मागे टीव्ही चालू होता, तो तिने कुणाला तरी बंद करायला सांगितला.

"नीट आले न्हाईत फोटो," ती म्हणाली. "काय दिसंना त्यात. तू सांग."

मी पदराने फोन पुसला, कानाला नीट लावला आणि म्हटलं, आज त्या दोघांचं पुन्हा वाजलं बघ.